नागपूर ते लंडन: अंतर आणि वेळ घरबसल्या काढा

धरमपेठेत आमच्या ओळखीतलं कोणाचं पोरगं शिकायला लंडनला निघालं की आईवडील माझ्याकडे येतात. मी शाळेत भूगोल शिकवायचे, आणि वर्गातल्यासारखा 12 इंची पृथ्वीगोल घरात अजून आहे. प्रश्न ठरलेला: "मॅडम, मुंबईहून पाठवावं का दिल्लीहून?" भिंतीवरचा नकाशा पाहून मुंबई वाटेवरच आहे असं सगळ्यांना वाटतं. त्या नकाशावर विसंबू नका.

शिवणाचा दोरा घ्या आणि आधी विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजा. माझ्या गोलावर तो सुमारे 94 सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण 425 किलोमीटर. आता एक टोक नागपूरवर दाबून धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा चांगला ताणा. ताणला की तो आपसूक वर सरकतो. नागपूरहून थेट वायव्येला, राजस्थानवरून निघतो. मुंबई पार डावीकडे खाली राहते. लांबी साडेसतरा सेंटिमीटरच्या किंचित वर, म्हणजे सुमारे 7,470 किलोमीटर.

थेट विमान नाही, म्हणून टप्पे मोजा. दिल्लीमार्गे 855 अधिक 6,730, एकूण 7,585. मुंबईमार्गे 680 अधिक 7,210, म्हणजे 7,890. दिल्ली 300 किलोमीटरने जवळची. पण हा फरक हवेत वीसेक मिनिटांचा. शिवाय दोरा पाकिस्तानवरून जातो. 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांनी हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून निघणारी भारतीय कंपन्यांची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली.

वेळेसाठी प्रत्येक टप्प्याच्या किलोमीटरला 900 ने भागा आणि उड्डाण-उतरणीचा अर्धा तास मिळवा. दिल्ली-लंडन झाले आठ तास. जाताना समोरून पश्चिमी वारे असतात, म्हणून आणखी तासभर धरा. येताना तेच वारे पाठीशी असतात.

गोंधळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सकाळी 6 ला सोनेगावहून (नागपूरच्या विमानतळावरून) निघून संध्याकाळी 6 ला लंडन, असं दिसलं की बारा तास वाटतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास साडेसतरा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथलं घड्याळ तासभर पुढे जातं, तेव्हा साडेचारच मिळवा.

आता उरला मधला थांबा, आणि माझ्या मते दिल्ली की मुंबई हे त्यावरच ठरवावं. इमिग्रेशन तिथेच होतं, त्याच्या रांगेला वेळ लागतो. दिल्लीत देशांतर्गत विमान टर्मिनल 1 ला उतरलं तर आंतरराष्ट्रीय टर्मिनल 3 पर्यंत गाडीने जावं लागतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर तीन तास पुरेत. वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. तिथे पाच तासांच्या आत काहीच बुक करू नका, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं धरून मुंबईच बघा.