स्ट्रॉबेरीचा संकर : फळ धरलं म्हणजे जमलं असं नाही

दर हिवाळ्यात कुणीतरी बाल्कनीतल्या कुंडीचा फोटो पाठवतं : "संकर जमला, भरपूर फळं धरली!" भरपूर फळं दिसली की मला आधी शंका येते.

महाबळेश्वरहून येते त्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत 56 गुणसूत्रं, रानटी वेस्का जातीत 14. दोघींचा खरा संकर झाला तर 28 आणि 7 मिळून 35, म्हणजे सातांचे पाच संच. पाच संचांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून असं रोप बहुतेक वांझ राहतं.

बोरिवलीच्या माझ्या गॅलरीत, महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीचा पराग लावलेल्या वेस्काच्या बियांची 31 रोपं फळांनी लगडली, तेव्हा मी शेजारी पेढे वाटले. महिनाभराने नीट पाहिलं. पानं आईची, फळ आईसारखं लहान नि टोकदार. माझी वेस्का धावती खोडं न सोडणाऱ्या वाणाची, बाप ती सोडणारा; इथे एकाही रोपाला ती नाहीत. सगळी स्वपरागाची! पुंकेसर मी काढले होते, पण फूल उमलल्यावर. दोन हिवाळे वाया गेले.

आता कळी फुगून पाकळ्यांची पांढरी कड दिसली की त्याच दिवशी चिमट्याने सगळे पुंकेसर काढते, मलमलची पिशवी बांधते, पुढचे तीन दिवस पराग लावते. दिवसाला पाचच कळ्या. वीस उरकायला बसलेल्याच्या हातून एखादा परागकोष सुटतोच.

मुंबईच्या दमट हवेत बापाच्या फुलांचे परागकोष रात्रभर कागदावर, दिव्याखाली सुकवा. तारखेची चिठ्ठी लावा.

दुसऱ्या चुकीची मला भीती वाटते. कोल्चिसिन या विषारी रसायनाने गुणसूत्रं दुप्पट होतात, हे 1937 पासून माहीत आहे. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे ते बनू देत नाही, म्हणून पेशी न विभागता 35ची 70 होतात आणि रोप फळू शकतं. एवढंच वाचून एका मुलाने कळलावीचा कंद घरच्या मिक्सरमध्ये वाटायला घेतला होता. कळलावीत तेच विष असतं, माणसाचा जीव घेणारं. मी त्याच्या आईला फोन करून ते थांबवलं. कोल्चिसिन प्रयोगशाळेतच राहू द्या.

संच वाढले का, याचा अंदाज पानाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिशचा थर देऊन, तो सेलोटेपने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली घेता येतो : पर्णरंध्रांच्या पेशी मोठ्या दिसतात. खात्री मात्र मुळाच्या टोकातली गुणसूत्रं मोजूनच.

घाई नसेल तर 35चं रोप जपा. कधीतरी त्याच्या बीजांडात किंवा परागात गुणसूत्रं अर्धी न होता तशीच उतरतात आणि एखादी बी धरते. माझ्याकडे अशा तीन बिया ओल्या टिश्यूत, फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत.