ब्रश-रेझरची दाढी: सामान घेताना आणि वापरताना या चुका टाळा

कार्ट्रिज, म्हणजे दोन-तीन पात्यांचं डोकं बदलायचं रेझर, सोडून जुन्या पद्धतीच्या दुधारी ब्लेडच्या रेझरकडे वळणारी पोरं कोल्हापुरात आता बरीच भेटतात. त्यातली कितीतरी थोड्याच दिवसांत परत फिरतात आणि कारण विचारलं की एकच सांगतात, "गळ्याला लई आग होते." दोष रेझरवर जातो. माझ्या मते बहुतेक वेळा रेझर निर्दोष असतो. गडबड असते फेसात, पाण्यात, ब्लेडमध्ये किंवा हाताच्या जोरात. स्वस्त किंवा फुकट असल्यामुळे या गोष्टींकडे कुणी नीट बघतच नाही.

सगळे पैसे रेझरवर घालू नका

किंग जिलेट यांना या रेझरचं पेटंट 1904 मध्ये मिळालं. तेव्हापासून मूळ रचना तीच आहे: दोन पट्ट्यांमध्ये पातळ ब्लेड किंचित वाकवून घट्ट धरायचं. त्यामुळे महाग रेझर म्हणजे गुळगुळीत दाढी, असं गणित नाही. नवशिक्याने बघायचं ते इतकंच, की डोकं सौम्य हवं, म्हणजे ब्लेडची धार फार बाहेर येता कामा नये, आणि खाली कंगव्यासारखे दात नकोत, सरळ पट्टी हवी. दातांचं रेझर दाट, वाढलेल्या दाढीला छान चालतं, पण ते हात बसल्यावर घ्यावं.

धातूचंही बघा. स्वस्त रेझर बहुतेक झामॅकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. ते वाईट नसतात, पण दांडा जोर लावून आवळला की आटे तुटतात, आणि मुलामा उडाला की आतलं जस्त पाण्याने खाल्लं जातं. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, ओळखीचा टर्नर (लेथवर काम करणारा) असेल तर रेझर त्याच्या हातात नुसतं देऊन बघा, आटे सरळ आहेत की नाहीत ते तो लगेच सांगेल. दांडा बोटांनी जेवढा आवळतो तेवढा पुरे. पितळी किंवा स्टेनलेसचं परवडत असेल तर ते आयुष्यभर टिकतं.

शंभर ब्लेडचा डबा पहिल्याच दिवशी नको

कुठलं ब्लेड कुणाच्या कातडीला मानवेल हे दुकानदार सांगू शकत नाही, मीही नाही. पाच-पाच ब्लेडच्या पुड्या मिळतात. तीन-चार कंपन्यांच्या घ्या आणि रेझर, साबण, ब्रश तेच ठेवून फक्त ब्लेड बदला. सगळं एकदम बदललं की आग कशाने झाली ते कधीच कळत नाही. जपानी फेदर फार धारदार म्हणून ओळखलं जातं. राठ दाढी आणि स्थिर हात असेल तर उत्तमच, पण पहिल्या आठवड्यात ते घेऊ नका. ब्लेड केस ओढायला लागलं की टाका. राठ दाढीला चार-पाच वेळा चाललं तरी पुष्कळ झालं. आणि टॉवेलने धार पुसू नका, त्याने धारही जाते आणि बोटही कापतं. धुवा, झटका, बस्स.

फेस होत नाही? आधी पाणी तपासा

सगळ्यात जास्त लोक अडतात ते इथे. शहरात नळाचं पाणी असतं, पण उपनगरांत कितीतरी घरांत बाथरूमला बोअरचं जोडलेलं असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि फेसाऐवजी पांढरट साका तयार होतो. गालावर फेस दिसतो, पण पहिला हात फिरवेपर्यंत बसून जातो आणि ब्लेड कोरड्या कातडीवर घासतं. खात्री करायची असेल तर एक दिवस पिण्याच्या फिल्टरचं वाटीभर पाणी घेऊन त्याच साबणाचा फेस करा. तो टिकला तर साबण बदलायची गरज नाही, रोज तेवढं वाटीभर पाणी बाजूला काढा. नाहीतर क्रीम वापरा, जड पाण्यात क्रीमचा फेस सहसा लवकर जमतो.

पाणी चांगलं असूनही फेस बसत असेल तर साबण कमी पडतोय. ओला ब्रश हलका झटकून साबणावर अर्धा मिनिट तरी फिरवा, केसांच्या टोकांवर दाट लेप दिसला पाहिजे. मग गालावर गोल गोल फिरवत पाण्याचे दोन-चार थेंबच घाला, परत फिरवा, परत थेंब. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, फेस कोरडा होऊन चिकटला तर कमी. बरोबर जमलेला फेस लागलेल्या दह्यासारखा दिसतो, घट्ट पण वर चमक असलेला. त्याआधी दाढी कोमट पाण्याने दोन मिनिटं भिजवलेली हवी. म्हणून अंघोळीनंतर दाढी केलेली बरी.

ब्रश

डुकराच्या केसांचा नवा ब्रश वास मारतो आणि टोचतो, त्यावरून तो फेकू नका. दाढी न करता चार-पाच दिवस नुसता फेस करून वाळवा, वास जातो आणि टोकं मऊ पडतात. बॅजर या प्राण्याच्या केसांच्या ब्रशला उकळतं पाणी लावू नका, मुळातला गोंद सुटून केस गळतात. माझी पसंती सिंथेटिकला आहे. प्राण्याचे केस नको असणाऱ्यांना तो चालतोच, शिवाय जुलै-ऑगस्टात आपल्याकडे टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे हा ब्रश दुसऱ्या सकाळपर्यंत कोरडा होतो. ब्रश मगात झाकून ठेवू नका. पावसाळ्यात रेझरही थोडं सैल करून खिडकीजवळ ठेवा.

गळा आणि मिशी

कार्ट्रिजची सवय असलेला हात दाबतो. इथे रेझरच्या वजनावर सोडायचं आणि ब्लेड कातडीशी साधारण 30 अंशांत ठेवायचं. गळ्यावर केस सरळ खाली वाढत नाहीत. बऱ्याच जणांचे कानाखालून आडवे किंवा खालून वरही असतात. दोन दिवसांच्या दाढीवर बोट फिरवून बघा, ज्या दिशेला बोट अडत नाही तीच पहिली दिशा. उलटा हात, म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध, शेवटी, आणि केस कुरळे असतील, पुटकुळ्या येत असतील तर अजिबात नको. मिशीची कड मात्र सगळ्यात शेवटी घ्या. रेझरचं डोकं रुंद असतं आणि धार कुठे आहे ते फेसात दिसत नाही. कडेचा फेस बोटाने पुसून घ्या, वरचा ओठ दाताखाली ताणा आणि छोटे हात मारा.

वस्तऱ्याची घाई

सलूनमधला वस्तरा बघून अनेकांना तोच हवा असतो. तिथे आता बहुतेक ठिकाणी अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो. खऱ्या वस्तऱ्याला दगड आणि चामड्याचा पट्टा लागतो, आणि पट्ट्यावर धार नेहमी मागे, पाठ पुढे. कोल्हापुरी चपलेच्या तळाचं कातडं पट्ट्याला चालेल का, असं काही जण विचारतात. ते जाड आणि कडक असतं, पट्ट्याला सारख्या जाडीचं, गुळगुळीत कातडं हवं.

तुरटी

दाढी झाली की ओली तुरटी चेहऱ्यावर फिरवा, अर्ध्या मिनिटाने धुवून टाका. बारीक चिरा थांबतात, आणि चूकही सापडते: जिथे जास्त झोंबलं तिथे तुम्ही दाबलं किंवा उलटा हात मारला. दुसऱ्या दिवशी तेवढीच जागा सांभाळा. तुरटीचा खडा घरातल्या घरातसुद्धा प्रत्येकाचा वेगळा ठेवा, रक्तातून होणारी काविळीसारखी दुखणी अशानेच पसरू शकतात. सलूनमध्येही ब्लेड तुमच्यासमोर नवीन घालायला सांगा.

वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, घंटागाडीवरच्या माणसांचे हात कापतात. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला फट पाडून त्यात टाकत जा. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून, आत ब्लेडं आहेत असं सांगून भंगारवाल्याला द्या.