ऑडिओ अन् मिडी फाईल पाठवताना, उघडताना या चुका टाळा

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा सीझन सुरू होते, इकडे अमरावतीकडं खंजेरी भजनाची मंडळं रेकॉर्डिंग करत राहतात, अन् आता गावातल्या गावात लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र) अन् कीबोर्ड घेऊन पोट्टे खरंच चांगलं काम करून राहिले. गाणं पक्कं असते, वाजवणं पक्कं असते. घोळ होते तो फाईल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाताना. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जागा खाते, म्हणजे ६ मिनिटांच्या गाण्याचे २० ट्रॅक झाले की एक जीबी. आरमोरीहून नागपूरच्या स्टुडिओला एवढं पाठवायचं अन् गावात नेटवर्क कधी आहे कधी नाही, तं एक चूक झाली की अख्खा दिवस जाते. म्हणून हे सविस्तर लिहितो.

सूर खाली गेला, पट्टीच लागत नाही

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सॅम्पल रेटमध्ये, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले त्या आकड्यात. मोबाईलच्या व्हिडिओतला आवाज बहुतेक ४८ किलोहर्ट्झचा राहते अन् आपला सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट ४४.१ वर. बरेच सॉफ्टवेअर आत घेतानाच बदलून घेतात, पण काही विचारतात की कन्व्हर्ट करू का, आपण घाईत नाही दाबतो, अन् मंग ती फाईल ४४.१ च्या हिशोबानं वाजते. आठ टक्के हळू, सूर जवळपास दीड सेमिटोन (हार्मोनियमच्या दीड पट्ट्या) खाली. ५ मिनिटांचं भजन ५ मिनिटं २६ सेकंदांचं होऊन जाते. काळी चारमध्ये गायलेलं असन तं ते काळी तीन अन् पांढरी पाचच्या मधात कुठंतरी येऊन पडते, कोणत्याच पट्टीत बसत नाही, हार्मोनियम लावून पाहा, जुळतच नाही. हीच खूण आहे. अशा वेळी पिच शिफ्ट करत बसू नका भाऊ, आवाजाची वाट लागते. फाईल काढून टाका, तिचा सॅम्पल रेट बघा, अन् कन्व्हर्टला हो म्हणून परत आत घ्या.

उलटंही होते, ४४.१ ची फाईल ४८ मध्ये तशीच गेली की सूर चढते अन् गाणं लवकर संपते.

दुसरं, सूर बरोबर पण ताल पळते. खंजेरीचं भजन क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरलेल्या ठोक्यावर) गायलेलं नसते, रंगात आलं की लय आपोआप वाढते, अन् ते तसंच पाहिजे. पण एबलटनसारखं सॉफ्टवेअर लांब ऑडिओ आत घेताना स्वतःच टेम्पो ठरवून त्याला ताणते, वार्प म्हणतात त्याला. ते बंद करा. एफएल स्टुडिओतही ऑडिओ क्लिपचं स्ट्रेचिंग एकदा तपासा. गायकाचा श्वास अन् खंजेरीची थाप ताणली गेली की ऐकणाऱ्याला कारण नाही सांगता येत, पण काहीतरी खोटं आहे हे त्याले कळते.

मिडी फाईलमध्ये आवाज नसते

हे माहीत सगळ्यांना आहे, तरी फसतात इथंच. मिडीत कोणती नोट, कधी, किती जोरात, अशा वाजवण्याच्या सूचनाच जातात. ऑक्टोपॅडवर (काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर) ढोलक लावून सुंदर वाजवलं, मिडी काढली, समोरच्याकडं उघडली तं पियानो वाजून राहिला. काहून? ढोलकीचा आवाज ऑक्टोपॅडच्या आत राहिला, फाईलसोबत गेलाच नाही. जनरल मिडीत, म्हणजे सगळ्या वाद्यांसाठी ठरवलेल्या सामाईक नियमांत, ड्रमसाठी चॅनल १० ठरलेलं आहे, ३६ नंबरची नोट किक, ३८ स्नेअर, पण ढोलकीच्या थापा कुठं असाव्या असं काही त्यात ठरलेलं नाही, ज्यानं त्यानं आपापलं लावलेलं राहते. म्हणून मिडीसोबत त्याच वाजवण्याची वॅव (डब्ल्यूएव्ही, खऱ्या आवाजाची) फाईलही पाठवा, अन् कोणत्या पॅडवर कोणता बोल आहे ते लिहून द्या. समोरच्याला निदान काय वाजायला पाहिजे ते तरी समजन.

बासरी नाहीतर शहनाईची मींड कीबोर्डवर बेंड व्हीलनं (सूर वर-खाली सरकवायच्या चाकानं) काढतात, तिथं अजून एक गोष्ट आहे. जनरल मिडीत बेंडची रेंज दोन सेमिटोन वर, दोन खाली अशी असते. तुम्ही आपल्या कीबोर्डवर ती वाढवून ठेवली असन अन् समोरचं वाद्य दोनवरच असन, तं पूर्ण मींड अर्ध्यात मरते अन् सगळी तान बेसूर लागते. वाजवणाऱ्याची काही चूक नसते त्यात. रेंज सांगून द्या, बस.

सगळी वाद्यं एकाच ट्रॅकवर गोळा झाली असतील तं फाईल टाईप ० मध्ये निघाली आहे. टाईप १ मध्ये काढा, ट्रॅक वेगळे येतात. अन् ऑक्टेव्हच्या नावानं घाबरू नका, ६० नंबरच्या नोटला कोणी सी३ म्हणते, कोणी सी४, एफएल स्टुडिओ सी५ म्हणते, नोट तीच राहते.

टेम्पो विचारला तं विचार करून उत्तर द्या. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मिडी आत घेताना फाईलमधला टेम्पो घ्यायचा का ते विचारते. प्रोजेक्टमध्ये आधीच गायन बसवलेलं असन तं नाही म्हणा, रिकामा प्रोजेक्ट असन तं हो म्हणा.

बाहेर काढताना

ट्रॅक वेगवेगळे काढायचे तं सगळे पहिल्या मात्रेपासून काढा, गायन दीड मिनिटानंतर सुरू होत असलं तरी त्याची फाईल शून्यापासूनच पाहिजे. जिथून आवाज सुरू होते तिथून कापून दिलं की समोरचा बिचारा अंदाजानं जुळवत बसते. नॉर्मलाईज (आवाज आपोआप वाढवायचा पर्याय) बंद ठेवा, नाहीतर हळू वाजवलेला टाळ अन् जोरात वाजवलेला ढोलक सारख्याच उंचीवर येतात, तुमचा बॅलन्स गेला. मास्टरवरचा लिमिटरही (पूर्ण गाण्याचा आवाज एका मर्यादेत दाबणारा इफेक्ट) काढा. कुठं सोलो (एकच ट्रॅक ऐकायचं बटन) दाबलेलं राहिलं का, लूपची निवड चालू आहे का, हे बघा, कारण त्यामुळं अर्धंच गाणं निघते. शेवटी रिव्हर्ब (आवाजाची घुमणारी शेपटी) संपेपर्यंत चार-पाच सेकंद जास्त सोडा.

एमपी३ मध्ये ट्रॅक देऊ नका. एमपी३ बनवणारा एनकोडर सुरुवातीला थोडी शांतता घुसवते, २५ मिलिसेकंदांच्या आसपास, अन् तेवढ्यानंही टाळ अन् ढोलक फाकतात. वॅव, २४ बिट, जो प्रोजेक्टचा सॅम्पल रेट तोच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असन तं डॉक्युमेंट म्हणून टाका.

बाहेरचा कीबोर्ड मिडीनं वाजत असन तं फास्ट एक्सपोर्टमध्ये त्याचा आवाज येणार नाही, आधी तो ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करून घ्या.

पाठवायच्या आधी सगळ्या फायली एका नव्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये टाकून सुरुवात, मध्य अन् शेवट ऐकाच. वीस मिनिटं जातात, पण वडसा-नागपूर चक्कर वाचते. सोबत एका टेक्स्ट फाईलमध्ये टेम्पो, पट्टी, सॅम्पल रेट लिहा. पूर्ण प्रोजेक्टच द्यायचा असन तं रीपरमध्ये सेव्ह अ‍ॅज करताना सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय आहे, एबलटनमध्ये कलेक्ट ऑल अँड सेव्ह. नाहीतर पेन ड्राईव्ह काढला की अर्धे ट्रॅक गायब दिसतात.

लाईट गेली अन् रेकॉर्डिंग मधातच तुटलं, वॅव उघडत नाही, तरी ती डिलीट करू नका. आवाज बहुतेक आत असते, फक्त फाईलच्या सुरुवातीला लांबीची नोंद पूर्ण झालेली नसते. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरात इम्पोर्टमध्ये रॉ डेटा निवडा, बिट, सॅम्पल रेट, मोनो की स्टिरिओ हे रेकॉर्डिंगच्या वेळचंच भरा. फक्त खरखर ऐकू आली तं बिट नाहीतर स्टार्ट ऑफसेट (फाईल कितव्या बाइटपासून वाचायची तो आकडा) चुकला आहे, ते बदलून परत उघडा. गाणं सुरात वाजलं की लगेच नव्या नावानं वॅव काढून घ्या.