एमएस्सी नर्सिंगला येताय? थिअरी पेशंटपासून वाचा

एमएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला थिअरीचं युनिट सुरू झालं की वर्गातल्या बहुतेकांचे चेहरे उतरतात. ओरेम, रॉय, किंग, रॉजर्स, वॉटसन अशी नर्सिंगच्या थिअरी मांडणाऱ्यांची नावं, प्रत्येकीची वेगळी आकृती, प्रत्येकीच्या व्याख्या. सीनियर सांगतात, "आकृत्या पाठ कर, मार्क कुठे जात नाहीत." मी नवी मुंबईतच शिकले, आता इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये काम करते आणि विद्यार्थ्यांचं क्लिनिकल पोस्टिंगही बघते. ठाणे-नवी मुंबईत एमएस्सीला येणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, की या भागाला पाठांतराने हात घालू नका. नर्सला पेशंटबद्दल जे कळतं ते तिला कसं कळतं, हा प्रश्न आधी घ्या. नावं मागून येतात.

थिअरी तुम्ही आधीच वापरलेली आहे. बीएस्सीला ठाण्याच्या मनोरुग्णालयात सायकियाट्रीचं पोस्टिंग केलं असेल, तर प्रोसेस रेकॉर्डिंग लिहिलं असेल. पेशंट काय बोलला, आपण काय बोललो, त्या वेळी आपल्या मनात काय आलं. नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, हे हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन नर्सने १९५२ साली मांडलं आणि विद्यार्थिनींकडून असं शब्दशः लिहूनही घेतलं. त्या रकान्यांमागे एक ठाम भूमिका आहे. नर्सच्या मनात काय चाललंय हीसुद्धा माहितीच आहे, ती दडवायची नाही. मेडिकल वॉर्डच्या चार्टवर असा रकाना नसतो. तो का नसतो, याचा विचार करायला लागलात की नर्सिंगच्या तत्त्वज्ञानात शिरलात.

पॉझिटिव्हिझम (मोजता-तपासता येतं तेच ज्ञान), फिनॉमेनॉलॉजी (ज्याचा अनुभव त्याच्याच नजरेतून समजून घेणं) असे शब्द पुस्तकात नुसते वाचले तर डोक्यावरून जातात. म्हणून मी विद्यार्थ्यांना वॉर्डमधल्या एकाच पेशंटपाशी थांबवते. समजा, वाशीच्या भाजी मार्केटमध्ये माल उतरवणारे एक माथाडी काका आहेत. मधुमेह जुना, डाव्या तळव्याला जखम. शून्य ते दहामध्ये दुखणं किती, असं विचारलं तर म्हणतात, "काही दुखत नाही सिस्टर." दुखणं म्हणजे ज्याला दुखतंय तो सांगेल ते, ही मार्गो मॅककॅफरी या नर्सची १९६८ सालची व्याख्या. त्या न्यायाने चार्टवर शून्य. पण ड्रेसिंग उघडल्यावर जखम खोल निघते, वास येतो. काकांना डोळे मिटायला सांगून दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा, तळव्याला वाकेपर्यंत टेकवला, तर तो टेकल्याचंही त्यांना कळत नाही. नसा बधिर झाल्यात. काका खोटं बोलत नाहीत, आणि तरीही त्यांच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही.

आता बार्बरा कार्पर यांचा १९७८ सालचा लेख उघडा. नर्सिंगमध्ये जाणण्याच्या चार रीती त्या सांगतात. पुराव्याचं ज्ञान, कलेचं ज्ञान, स्वतःच्या ओळखीतून येणारं ज्ञान आणि नीतीचं ज्ञान. मोनोफिलामेंट आणि शुगर ही पहिली रीत. बायको समोर असताना काका वेगळं बोलतात आणि ती चहा आणायला गेली की वेगळं, हे ओळखून प्रश्न कधी विचारायचा ते ठरवणं ही कला. "पेशंट ऐकतच नाहीत" ही आपली चिडचिड कुठून येते हे तपासणं ही तिसरी. आणि "डॉक्टरांना सांगू नका, पण मी परवा कामावर जाणार" असं काका कानात सांगतात, तेव्हा काय करायचं हे कुठलाही लॅब रिपोर्ट सांगत नाही, तिथे चौथी लागते. जिल व्हाइट यांनी १९९५ मध्ये सामाजिक-राजकीय जाणिवेची पाचवी रीत जोडली. काम नाही तर मजुरी नाही हे ध्यानात न घेता "पायावर भार देऊ नका" एवढं सांगून आपली जबाबदारी संपते का? मला हा प्रश्न या अख्ख्या पेपरातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

इथून ओरेमकडे गेलं की त्यांची थिअरी पाठ करावी लागत नाही. १९७१ च्या पुस्तकात त्या सांगतात, माणूस स्वतःची काळजी स्वतः घेतो आणि ती कमी पडते तिथे नर्सचं काम सुरू होतं. मग सगळं नर्सने करायचं, थोडं करायचं, की फक्त शिकवून आधार द्यायचा, हे ठरतं. काकांच्या केअर प्लॅनमध्ये आपण 'सपोर्टिव्ह-एज्युकेटिव्ह' लिहून मोकळे होतो. पण घरी ड्रेसिंग बायको करते, ग्लुकोमीटर मुलगा बघतो, आणि काकांना त्यात काही कमीपणा वाटत नाही. ही कमतरता म्हणायची, की आपल्याकडच्या घरांची हीच रीत? दुसऱ्यासाठी घेतलेल्या काळजीला ओरेम यांच्याकडे जागा आहे, पण थिअरीचा भर एकेका माणसावर आहे, आणि आपल्या वॉर्डात तो मला अपुरा वाटतो. म्हणून सोबत मॅडेलिन लायनिंगर वाचा. मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केलेली ही नर्स. पेशंटच्या चालीरीतींपैकी काय जपायचं, कुठे जुळवून घ्यायचं आणि काय बदलायचं, अशा तीन दिशा त्या देतात. बायकोने ड्रेसिंग करणं जपायचं. एकादशीचा उपास असेल तर डॉक्टरांशी बोलून इन्सुलिनचा डोस आणि साबुदाण्याचं प्रमाण जुळवायचं. जखमेवर हळद भरणं मात्र थांबवायचं.

माणूस, परिसर, आरोग्य, नर्सिंग या चार संकल्पना जॅकलिन फॉसेट यांच्या मांडणीतून येतात आणि त्या परीक्षेत हमखास विचारतात. एका संध्याकाळचं काम आहे.

डिझर्टेशनवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण थिअरीची खरी हेळसांड तिथे होते. विषय ठरलेला: अमुकबद्दलच्या ज्ञानावर शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. आधी चाचणी, मग शिकवणं, मग पुन्हा चाचणी. आणि कन्सेप्चुअल फ्रेमवर्क, म्हणजे अभ्यासाचा वैचारिक सांगाडा, म्हणून जनरल सिस्टिम थिअरीची इनपुट-प्रोसेस-आउटपुटची आकृती, लायब्ररीतल्या जुन्या प्रबंधातून उतरवलेली. लुडविग फॉन बर्टालनफी या जीवशास्त्रज्ञाची ती थिअरी मोठी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण तीन चौकोनांची ती आकृती स्तनपानाला बसते, डेंग्यूला बसते आणि हात धुण्यालाही बसते. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा मुद्दा इथे कामाला येतो: थिअरी काय घडणार नाही म्हणते, हे बघा. जी कशालाच नाही म्हणत नाही, तिच्यामुळे तुमच्या अभ्यासात काहीच बदलत नाही. याउलट इमोजीन किंग म्हणतात, ध्येय नर्स आणि पेशंटने मिळून ठरवलं तर ते साधतं. हे चुकीचं ठरू शकतं, म्हणून तपासता येतं. एका गटाला नुसती माहिती द्या, दुसऱ्या गटासोबत बसून पायाच्या काळजीची ध्येयं ठरवा आणि दोन्ही गटांची तुलना करा. फ्रेमवर्क बदललं की अभ्यासाची रचनाच बदलते, ते असं.

वाचनाचा क्रम सांगते. आधी कार्परचा लेख, तो लहान आहे, पण मूळच वाचा. ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये उभ्याने वाचून होतो. मग तुमच्या स्पेशालिटीशी जुळणारी एकच थिअरी, तिच्या कर्त्या व्यक्तीने लिहिलेली. नोट्स त्यानंतर. नाइट ड्युटीच्या आठवड्यात हे वाचन ठेवू नका, डोकं चालत नाही.

सिनॉप्सिस, म्हणजे डिझर्टेशनचा आराखडा, लिहायच्या आधी एका संकल्पनेचं विश्लेषण करून बघा. वॉकर आणि अव्हांट यांची आठ पायऱ्यांची पद्धत नवख्यांना सोपी जाते. 'घरी जायची तयारी' ही संकल्पना घ्या. तिची लक्षणं, म्हणजे ती ओळखायच्या खुणा, लिहा, सगळी लक्षणं दिसतील असा एक पेशंट उभा करा, मग अगदी उलटा, आणि मग मधलाच एक. डिस्चार्ज समरी हातात आहे, बिल भरलंय, इन्सुलिन टोचून दाखवता येतंय, पण घरी फ्रिज नाही आणि इन्सुलिनच्या कुप्या मे महिन्यात कशा ठेवायच्या हे कुणी सांगितलेलं नाही. असा पेशंट तयार म्हणायचा का? उत्तर लिहिताना कुठलं लक्षण सुटलं होतं ते आपोआप सापडतं, आणि कोणती थिअरी त्या लक्षणाकडे बघते हेही. ते पान सिनॉप्सिससोबत गाइडकडे घेऊन जा. पुढे व्हायवात "हेच फ्रेमवर्क का घेतलं?" असं विचारतील, तेव्हा याच पानावरून बोलायचंय.