स्वाइप ४,५०० चं, खात्यात ४,३९३.८०: कार्ड मशीनचे शब्द कसे समजून घ्यायचे

आमचं सोलापुरात नव्या पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत बाहेरगावचं गिऱ्हाईक भरपूर येतं, एरवीही अक्कलकोट-तुळजापूर करून जाणारे लोक जाताजाता चादरी घेऊन जातात, आणि आता निम्म्याच्या वर कार्ड नाहीतर स्कॅन. रात्री रोख जुळते पण मशीनचा हिशोब जुळत नाही. शेजारचे दुकानदार पण हेच विचारतात, "बँकेनं पैसे कापले की ओ, पण कशाचे?" म्हणून जे कळलंय ते सगळं लिहून काढतोय.

आधी मशीनमधून निघालेली एक स्लिप हातात घ्या. त्यावर एमआयडी असतो, तो आपल्या दुकानाचा नंबर. टीआयडी म्हणजे त्या मशीनचा नंबर, दोन काउंटरला दोन मशीन असतील तर टीआयडी दोन. आरआरएन हा १२ आकडी नंबर त्या एका व्यवहाराचा, भांडण झालं तर बँक सगळ्यात आधी हाच मागते. स्लिपचा कागद थर्मल असतो, काही महिन्यांत अक्षरं उडून कोरा पडतो, त्यामुळे मोठ्या बिलाच्या स्लिपचा मोबाइलवर फोटो काढून ठेवाच.

आता पैसे कुठनं कुठं जातात ते बघू. गिऱ्हाईकाला कार्ड देणारी बँक म्हणजे इश्युअर, आपल्याला मशीन देणारी बँक म्हणजे अ‍ॅक्वायरर, आणि मधे रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांचं नेटवर्क. मशीनवर 'अप्रूव्ड' आलं म्हणजे इश्युअरनं फक्त होकार दिला, त्याला ऑथरायझेशन म्हणतात. पैसे आपल्या खात्यात येणं ही वेगळी गोष्ट, ती सेटलमेंट. टी प्लस वन लिहिलं असेल तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवशी, मधे बँकेची सुट्टी आली तर पुढं ढकलतं. काही जुन्या मशीनवर रोज रात्री सेटलमेंटचं बटण दाबून बॅच, म्हणजे दिवसभराचे सगळे व्यवहार, क्लोज करावी लागते. आमच्याकडे एका संक्रांतीला गर्दीत ते राहून गेलं आणि दिवसभराची सगळी कार्डाची विक्री अडकून पडली, सूतवाल्याला चेक द्यायचा होता, नुसती धावपळ. तेव्हापासून शटर खाली ओढायच्या आधी बॅचची स्लिप काढायची आणि वहीत लावायची, हा नियमच केलाय.

कापतात ते एमडीआर (मर्चंट डिस्काउंट रेट), म्हणजे कार्डानं पैसे घेतल्याबद्दल दुकानदाराकडनं कापली जाणारी फी. यात इश्युअरचा वाटा असतो ज्याला इंटरचेंज म्हणतात, नेटवर्कची फी असते आणि आपल्या बँकेचं मार्जिन. समजा ४,५०० चं बिल क्रेडिट कार्डवर झालं आणि आपला रेट २ टक्के, तर ९० रुपये एमडीआर, त्या ९० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १६.२०, एकूण १०६.२० गेले आणि खात्यात आले ४,३९३.८०. जीएसटी बिलावर नाही, कापलेल्या फीवर लागतो, इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो. आणि २,००० पर्यंतच्या कार्ड व्यवहारावर बँकेच्या या फीला जीएसटी माफ आहे. तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल तर त्या १६.२० चं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतनं तेवढे वजा होतात, म्हणून बँकेकडे आपला जीएसटी नंबर नोंदवलाय का ते आजच बघा. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायच्या योजनेत, असाल तर मिळत नाही.

सगळ्या कार्डांना एकच रेट नसतो. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातनं होणारं यूपीआय यांना १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. बाकी डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून मर्यादा घातली: मागच्या वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही, त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के आणि १,००० रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथं रेट बोलून घ्यावा लागतो आणि बोललं तर कमी होतो, माझं स्वतःचं ऐका. गिऱ्हाईक रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून स्कॅन करत असेल तर लहान दुकानदाराला २,००० पर्यंत काही नाही, त्याच्या वर कापतात.

डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाईकाकडनं घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मशीनचं भाडं आणि साउंडबॉक्सचं भाडं मात्र एमडीआरपेक्षा वेगळं, दर महिन्याला विक्री होवो न होवो जातं, म्हणून करार करतानाच विचारून घ्या.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो चार्जबॅक. गिऱ्हाईकानं आपल्या बँकेला सांगितलं की माल मिळाला नाही किंवा हा व्यवहार मी केलाच नाही, की बँक पैसे परत ओढते आणि पुरावा आपण द्यायचा. आम्ही एकदा पेमेंट लिंकवर पैसे घेऊन बाहेरगावी टॉवेलचा गठ्ठा पाठवला, दीड महिन्यानं चार्जबॅक आला, आणि कुरिअरची पोच पावती आमच्याकडे नव्हती. माल गेला, पैसेही गेले, फार वाईट वाटलं. आता बिल, कुरिअरची पावती, माल मिळाल्याची सही आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, सगळं एका फोल्डरमध्ये आरआरएनच्या नावानं ठेवतो. चार्जबॅकच्या मेलमध्ये उत्तराची शेवटची तारीख दिलेली असते, ती चुकली की केस हरलीच.

गिऱ्हाईकाचे पैसे कापले पण आपल्याकडे स्लिप आली नाही, साउंडबॉक्सही बोलला नाही, तर स्क्रीनशॉटवर माल सोडू नका. त्यांना नीट समजावून सांगा की असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत जायला पाहिजेत, उशीर झाला तर रोजचे १०० रुपये त्यांची बँक देणं लागते. आणि आपलीच तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी द्या, नंबर घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही.