फॅट बर्न झोनच्या नादात या चुका टाळा

ठाण्यातल्या उपवन तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ असतात. वय बरोबर ५०. मनगटावरच्या घड्याळात हृदयाच्या ठोक्यांचा आकडा १२० ला टेकला की चक्क पाय आवरतात. ‘अहो, झोनच्या बाहेर चाललो!’ सहा महिने झाले, पोट जागचं हललेलं नाही.

ठोके एका ठराविक मर्यादेत ठेवले की चरबी जास्त जळते, ही ‘फॅट बर्न झोन’ची गोष्ट खोटी नाही, अर्धवट आहे. सावकाश चालताना शरीर ऊर्जेचा मोठा वाटा चरबीतून घेतं, दम लागायला लागला की साखरेकडे वळतं. पण वाटा मोठा म्हणून रक्कम मोठी होत नाही. ७० किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण १५० कॅलरी जातात. तेवढाच वेळ ताशी ८ किलोमीटरने धावला तर २९० च्या आसपास. चालण्यात चरबीचा वाटा ६० टक्के धरा, ९० कॅलरी झाल्या. धावण्यात ४० टक्केच धरा, तरी ११६. म्हणून उद्यापासून सगळ्यांनी धावत सुटावं असं मुळीच नाही, गुडघे आपलेच आहेत. पण मुद्दाम हळू होऊन चरबी जास्त जाते, हे डोक्यातून काढा.

आता हे १२० आलं कुठून? २२० वजा वय, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके १७०. त्याचे ६० ते ७० टक्के १०२ ते ११९. हे सूत्र १९७१ च्या एका शोधनिबंधातून पसरलं, आणि त्याचा अंदाज १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतो. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं दुसरं सूत्र मांडलं. पन्नाशीत दोन्हींत फरक फक्त तिनाचा, पण ६५ व्या वर्षी १५५ आणि जवळजवळ १६३.

शिवाय सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी कुणी मोजतच नाही. या गृहस्थांची ७० निघाली. कार्व्होनेन या संशोधकाच्या पद्धतीने १७० मधून ७० वजा करायचे, उरलेल्या १०० चे ६० ते ७० टक्के काढून त्यात पुन्हा ७० मिळवायचे. उत्तर १३० ते १४०! टक्के तेच, पण ते कशाचे हे बदललं. म्हणजे इतके दिवस ते ब्रेक दाबूनच चालत होते.

आणि घड्याळ? पट्टा सैल असला, घामाने सरकला, की आतला प्रकाशाचा सेन्सर गोंधळतो. कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतो. साधं चालत असताना अचानक १६० दिसले तर घाबरण्याआधी पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर घट्ट बांधा. मग थांबून लगेच १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा. आपल्याकडच्या दमट हवेत वेग तोच असूनही अर्ध्या तासानंतर ठोके वाढतात, तेही धरून चला.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर हे सगळे आकडे बाजूलाच ठेवा. त्या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. आकडा गाठायच्या हट्टाने जीव दमेल. आपल्याला किती झेपेल ते डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं, कुणालाही.

मी स्वतः बोलण्यावरून ठरवते. वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग मध्यम. असा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम जागतिक आरोग्य संघटना सुचवते. जिममध्ये ट्रेडमिलचा दांडा धरून लटकत काढलेली मिनिटं त्यात धरू नका, आणि स्क्रीनवरच्या कॅलरी तर त्याहून नकोत.

परवा गृहस्थ घड्याळ खिशात टाकून येऊरचा अर्धा चढ चढले. खाली आल्यावर घामाघूम, खूश. ‘चला, वडापाव खाऊ, आज हक्क आहे!’ आता त्यांना त्या दीडशे कॅलरींचा हिशोब कोण सांगणार? एकच खाल्ला, तरी हिशोब उलटा.