क्रॉस सेक्शनवरून नाल्याचा सरफेस तयार करताना: माझा अनुभव

नाशिकजवळ मखमलाबाद परिसरात नाल्यालगतच्या रस्त्यासाठी दर ३० मीटर चेनेजवर (लांबीच्या दिशेने मोजलेल्या अंतरावर) घेतलेले क्रॉस सेक्शन, म्हणजे नाल्याला आडव्या रेषेवर मोजलेल्या पातळ्यांचे छेद, हाती होते. त्यांतले बिंदू सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन सरफेस (बिंदू त्रिकोणांनी जोडून बनणारे जमिनीचे त्रिमितीय मॉडेल) तयार केला, तेव्हा वळणावर पात्रात आडवे बांध घातल्यासारखे उंचवटे दिसू लागले. छेदावर बिंदू मीटर-दीड मीटरवर असतात, दोन छेदांमध्ये मात्र काहीच नसते. आणि त्रिकोण जोडताना सॉफ्टवेअर केवळ नकाशावरील अंतरे पाहत असल्यामुळे एका छेदाचा काठ पुढच्या छेदाच्या तळाशी जोडला जातो.

म्हणून प्रत्येक छेदावरील दोन्ही काठ, दोन्ही पायथे आणि पात्राचा सर्वांत खोल बिंदू ओळखून, सारखे बिंदू एकामागून एक थ्रीडी पॉलिलाइनने जोडले, त्या रेषा ब्रेकलाइन (त्रिकोणांच्या बाजू जिला ओलांडत नाहीत अशी रेषा) म्हणून सरफेसला दिल्या आणि बाहेरची हद्दही आखली. काम वेळखाऊ आहे, पण नाल्यासाठी ते टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

मोजलेल्याच चेनेजवर छेद काढून ताळा पाहण्यात अर्थ नसतो, कारण ते बिंदू सरफेसमध्येच असल्याने तिथे पातळी जुळणारच. त्यामुळे वळणावर दोन छेदांच्या मधोमध एक जादा छेद मोजून घेतला, तो सरफेसमध्ये न घालता केवळ तुलनेसाठी ठेवला आणि पातळ्या जुळल्यावरच खोदाई-भरावाचे परिमाण काढले.